लहान मुलं किनाऱ्यावर फोटोसाठी उभीच राहत नाहीत, काय करावं? (रत्नागिरीत नुकतंच फॅमिली फोटोंचं काम सुरू केलंय)

उभं करूच नका. दोन-तीन वर्षांच्या पोराला 'इकडे बघ, हस' म्हटलं की तोंड कसनुसं होतं. वाळूत बसवा, हातात करवंटी द्या. भाट्याच्या किनाऱ्यावर एक मुलगी अर्धा तास माझ्याकडे बघेना. शेवटी आजोबांनी करवंटीतलं पाणी खड्ड्यात ओतलं आणि ते जिरताना बघायला ती वाकली. नाकाला वाळू, पाठीवर आजोबांचा हात. त्यांच्या माजघरात तोच फोटो लागलाय.

शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, पोर पळत असेल तर १/१०००, नाहीतर फोटो हललेला येतो. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुम्ही गुडघ्यांवर. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्ताआधीचा तास सुंदर असतो. पण आधी मुलाची झोपायची-जेवायची वेळ विचारा, पेंगुळलेल्या पोराला कुठलाच उजेड मानवत नाही. भरतीची वेळही बघून ठेवा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते.

गणपतीत चाकरमानी आले की अख्खं घर एकत्र सापडतं. पाऊस असला तरी पडवीत बसवा, तिथला उजेड मऊ असतो. पणजीला विसरू नका, ती स्वतःहून पुढे येणार नाही.

आणि मुलांचे फोटो जाहिरातीला वापरायचे तर आईवडिलांना आधी विचारा, लेखी घ्या.