गणिताचे सर ७, केमिस्ट्रीच्या मॅडम ३१ : मोठं कोण?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या वेबसाइटवर गणिताच्या सरांपुढे एच-इंडेक्स ७ लिहिलाय आणि केमिस्ट्रीच्या मॅडमपुढे ३१, तर मॅडम सरांपेक्षा चौपट मोठ्या संशोधक का?

असतीलही, पण या आकड्यांवरून ते ठरत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. नॅकची (कॉलेजांच्या सरकारी मूल्यांकनाची) वेळ आली की सगळ्यांचे पेपर म्हणजे शोधनिबंध आणि सायटेशन म्हणजे इतरांनी त्यांचे केलेले उल्लेख गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते बघू. समजा एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि इतरांनी त्यांचा उल्लेख अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ वेळा केलाय. किमान ४ वेळा उल्लेख झालेले ४ पेपर मिळतात, किमान ५ वेळा झालेले ५ मिळत नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४,००० सायटेशन असती तरी आकडा ४ च राहिला असता. ज्याने आयुष्यात दोनच पेपर लिहिले त्याचा एच-इंडेक्स २ च्या वर जाऊच शकत नाही, मग त्या दोन पेपरांनी जग हलवलेलं का असेना.

हे मोजमाप हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं. त्याच्या त्याच पेपरात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. भौतिकशास्त्रात त्याला सापडलेला सर्वात मोठा आकडा एडवर्ड विटनचा होता, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडरचा १९१. यावरून स्नायडर विटनपेक्षा मोठा, असं हिर्शने म्हटलेलं नाही. विषय बदलला की आकडे बदलतात, हेच त्याने दाखवलं.

का बदलतात? गणितात पेपर लिहायला वर्षं जातात, लिहिणारे एक-दोघंच असतात आणि शेवटची संदर्भांची यादीही छोटी असते. प्रयोगशाळेच्या विषयांत गट मोठे, पेपर जास्त आणि प्रत्येकाच्या शेवटी लांबलचक यादी. जिथे मुळात उल्लेखच जास्त होतात तिथे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येणार. शिवाय गणितातला निकाल वीस वर्षांनीही उपयोगी पडतो, पण सरांची बढती तोवर थांबत नाही.

टोकाचीही उदाहरणं आहेत. ग्रिगोरी पेरेलमन या गणितज्ञाने २००२-०३ मध्ये तीन लेख नुसते इंटरनेटवर टाकले, कुठल्याही जर्नलला पाठवले नाहीत, आणि त्यांत प्वांकारेचं कोडं हा गणितातला प्रसिद्ध प्रश्न सुटला होता. उलट २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला, त्याचे लेखक ५,१५४. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं फक्त नावांची! त्या पेपरचं प्रत्येक सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतं. आणि ज्याच्या नावाचा तो कण, त्या पीटर हिग्जने १९६४ नंतर स्वतः दहाही पेपर लिहिले नव्हते.

सर्वात जास्त सायटेशन मिळालेला पेपर कुठल्या महान शोधाचा असेल असं वाटतं ना? तो आहे लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिनं किती आहेत हे मोजायच्या पद्धतीचा. तीन लाखांवर सायटेशन. ज्याने ज्याने ती पद्धत वापरली त्याने उल्लेख केला, बस.

आता आपल्याकडची गंमत. नावं. पाटील एस., जाधव एस. अशा नावांची महाराष्ट्रात काय कमी? गूगल स्कॉलरवर (गूगलच्या पेपर शोधायच्या साइटवर) एकाच्या प्रोफाइलमध्ये भलत्याच पाटलांचे पेपर शिरतात आणि एच-इंडेक्स रातोरात फुगतो. एकदा आमच्या एका सरांच्या नावावर पशुवैद्यकाचे पेपर निघाले; सर शिकवतात इलेक्ट्रॉनिक्स. मॅडमांचं उलट होतं. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावावर, नंतरचे सासरच्या, आणि रेकॉर्डचे दोन तुकडे. म्हणून मी प्रत्येकाच्या मागे लागून ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढायला लावतो. एकाच माणसाचा आकडा स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसवर कमी आणि गूगल स्कॉलरवर जास्त दिसतो तेही नेहमीचंच, कारण स्कोपस निवडक जर्नलं मोजतं आणि गूगल जवळजवळ काहीही. मराठी विभागातल्या सरांची पुस्तकं तर स्कोपसवर शोधूही नका.

वर्तमानपत्रात ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले प्राध्यापक’ अशी बातमी येते, ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन इओनिडिस यांच्या गटाची. ती निदान माणसाला त्याच्याच उपविषयातल्या लोकांशी ताडून बघते, आणि स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनचे आकडेही देते. पण त्यात ‘एका वर्षाची’ आणि ‘पूर्ण कारकिर्दीची’ अशा दोन याद्या असतात. बातमीत बहुधा ते सांगितलेलं नसतं.

तेव्हा सरांना त्यांच्याच वयाच्या गणितज्ञांशी ताडून बघा आणि मॅडमना केमिस्ट्रीवाल्यांशी. मॅडमच्या यादीत त्यांचं नाव किती ठिकाणी पहिलं किंवा शेवटचं आहे ते मोजा. पहिला बहुतेक वेळा काम करणारा असतो आणि शेवटचा गटप्रमुख. सरांच्या यादीत हे करू नका. गणितात नावं बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात.