पाचट पेटवू नका, गायरानावर सही करू नका

प्रश्न (निपाणी भागातील शेतकरी) : ऊस तुटून गेला, खोडवा (तुटलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवायचाय. दुकानदार म्हणतो, पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळा आणि एकरी चार पोती युरिया एकदम टाका. शिवाय गायरानात निलगिरी लावली की कार्बनचे (झाडं हवेतला कार्बन शोषतात त्याचे) पैसे मिळतात म्हणत एक एजंट करारावर सही आणि नोंदणी फी मागतोय. काय करावं?

उत्तर : दोघांनाही नाही म्हणा.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. काडी लावली की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं, हातात राख. दूधगंगेकाठच्या किती तरी फडांत हेच बघतोय. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाका आणि पाणी सोडा. पाचटामुळे पहिलं पाणी सरीत अडतं, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. दुसऱ्या पाण्याला पाचट बसतं.

हा ३२ किलो युरिया जिवाणूंचं जेवण, उसाचं नव्हे. उसाचं खत पहारीनं भोक पाडून त्यातच द्या : पहिला हप्ता तुटल्यापासून १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी, बुडख्याच्या पहिल्या हप्त्याविरुद्धच्या बाजूला. एकदम फेकलेला युरिया वाया जातो, आणि त्यातून सुटणारा नायट्रस ऑक्साईड कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे २७०पट जास्त तापवतो. दुकानदाराला पोतं खपवायचंय, तुमच्या खोडव्याची त्याला काळजी नाही. एकदम नको. आभाळ भरून आलेलं असताना नको. लिंकिंगची, म्हणजे युरिया हवा तर हेही घ्याच म्हणून गळ्यात मारलेली बाटली तर नकोच. परत सांगतो, एकदम नको.

गायरान सरकारी आहे. तुमच्या सहीनं ते कुणाच्या करारात जात नाही. फी मात्र जाईल. निलगिरीच्या नव्या लागवडीवर कर्नाटकानं २०१७ मध्ये बंदी घातली, हे एजंटानं सांगितलं नसेल. करंज, चिंच, जांभूळ लावा, खाली स्टायलो (द्विदल चारा) पेरा आणि आळीपाळीनं एकेक तुकडा चराईला बंद ठेवा. ग्रामसभेचा ठराव घेऊन पंचायतीमार्फत रोजगार हमीत काम मागा. स्वतःच्या बांधावर झाडं लावायची असतील तर वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे : जगलेल्या रोपामागे तीन वर्षं अनुदान, नोंदणी पावसाआधी. बाकी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा.

शेजारी पेटवणारच असेल, तर त्याच्या बांधालगतचं तुमचं पाचट आधी आत ओढून घ्या. एका काडीत दोन फड गेलेले पाहिलेत.