विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांना रोजच्या कामात कशाचा वैताग येतो आणि कशाची गंमत वाटते?

प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम मी बरीच वर्षे शिकवत आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका वैताग गाठीशी नक्कीच जमलेला आहे. प्रिंटर अडला की सर्वांना प्रथम माझीच आठवण होते, हा त्यातला अगदी किरकोळ प्रकार. संगणकशास्त्र म्हणजे संगणकदुरुस्ती नव्हे हे समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला असून आता मुकाट्याने अडकलेला कागद ओढून काढते. खरा वैताग निराळा आहे आणि माझ्या करमणुकीचा उगमही तोच आहे: यंत्र खरे सांगत असते तेव्हा विद्यार्थी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि ते निर्विकारपणे चुकीचे सांगते तेव्हा मात्र त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

प्रात्यक्षिकाच्या तासाला हात वर होतो आणि ठरलेले वाक्य कानावर येते, "मॅडम, प्रोग्राम चालत नाही." मी विचारते, "पडद्यावर काय आले आहे?" उत्तर, "एरर." "कोणती?" "माहीत नाही, मी ती विंडो बंद केली." कंपायलरने, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाने, फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि आक्षेपाचे कारण इतके सगळे लिहून दिलेले असते, पण लाल अक्षरे दिसली की ती वाचायची नसतात, घालवायची असतात, असा काहीतरी समज शाळेपासूनच पक्का झालेला असावा. काही जण त्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतात, आणि तो फोटो इतक्या कौशल्याने काढलेला असतो की ओळीचा क्रमांक तेवढा नेमका चौकटीबाहेर राहतो.

विद्यार्थ्यांच्या बाजूने हेही सांगायला हवे की कंपायलरची भाषा काही सौजन्यासाठी प्रसिद्ध नाही. महिरपी कंस मध्येच कुठेतरी उघडा राहिलेला असतो आणि तक्रार येते ती फाइलच्या शेवटच्या ओळीवर, कारण तो कंस पुढे कधीतरी मिटेल या आशेवर कंपायलर बिचारा शेवटपर्यंत थांबलेला असतो. म्हणून मी एक साधा नियम केला आहे: माझ्याकडे येण्यापूर्वी संदेश मोठ्याने वाचायचा, आणि मी समोर असेन तर मला वाचून दाखवायचा. निम्म्या वेळा वाचणारा दुसऱ्या शब्दावरच अडखळतो, "असू द्या मॅडम, सापडले" असे पुटपुटतो आणि निघून जातो; मी एक अक्षरही बोललेली नसते.

न वाचणाऱ्यांची दुसरी पद्धत अधिक प्रेक्षणीय आहे. लूपच्या, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, अटीत 'पेक्षा लहान'चे 'पेक्षा लहान किंवा समान' करून पाहायचे, नाही जमले तर कुठेतरी एक मिळवायचा, तरीही नाही तर एक वजा करायचा. असे करता करता कधीतरी अपेक्षित उत्तर उमटते. एकदा एकाला मी विचारले की हे आता का चालू लागले, तर त्याने अत्यंत काकुळतीने उत्तर दिले, "ते माहीत नाही, पण कृपा करून आता कशालाही हात लावू नका." आणखी एक विद्यार्थिनी बराच वेळ शांतपणे पडद्याकडे पाहत बसली होती, तिने विचारले की प्रोग्राम अजून विचार करत आहे की अडकला आहे, हे कसे ओळखायचे. तिच्या नकळत तिने या शास्त्रातील फार मोठा प्रश्न विचारला होता, कारण कोणताही प्रोग्राम कधी थांबेल की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ मधील कामातून सिद्ध झालेले आहे. तिच्या प्रोग्रामबद्दल मात्र मी लगेच सांगू शकले. लूपमधील मोजणी वाढवायचीच राहून गेली होती.

आता आंधळ्या विश्वासाकडे वळते, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. क्रमगुणित म्हणजे फॅक्टोरियल, अर्थात १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, काढणे हा नवशिक्यांचा ठरलेला अभ्यास. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतील 'इंट', म्हणजे पूर्णांक साठवण्याची जागा, ३२ बिटांची (० किंवा १ अशा ३२ अंकांची) असते आणि त्यात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १२ चे क्रमगुणित ४७९००१६०० आहे, ते सुखाने मावते. १३ चे ६२२७०२०८०० येते, ते मावत नाही. पण यंत्र चकार शब्द न काढता १९३२०५३५०४ छापून मोकळे होते, आणि ती संख्या तितक्याच शांतपणे प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरते. ज्या गुणाकारात १० हा आकडा आहे त्याचे उत्तर चारावर कसे संपेल, असे मी विचारते, तेव्हा वर्गात दुखावलेली शांतता पसरते आणि कोणीतरी म्हणतो, "पण मॅडम, हे कॉम्प्युटरने काढले आहे." १४ चे उत्तर १३ च्या उत्तराहून लहान येते, तेही कोणाला खटकत नाही. १७ ला ते ऋण होते, तेव्हा कुठे काही भुवया उंचावतात, आणि ३४ पासून पुढे तर सगळीच उत्तरे शून्य येतात, कारण तोवर त्या गुणाकारात २ हा अवयव ३२ वेळा जमा झालेला असतो आणि 'इंट'मध्ये उरणारे शेवटचे ३२ बिट सगळेच शून्य होतात. हा तास मी दरवर्षी मनापासून घेते. यंत्र इतक्या आत्मविश्वासाने चुकू शकते हे पाहून काही चेहऱ्यांवर जो संशय उमटतो, तो पाहण्यात मला खरोखर आनंद आहे.

गंमत म्हणजे हेच विद्यार्थी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ आलेली पाहतात तेव्हा मात्र संगणक बिघडल्याची तक्रार घेऊन येतात. येथे यंत्र अगदी ठरल्याप्रमाणे वागत असते. एक तृतीयांश जसा दशमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, पूर्ण लिहिता येत नाही, त्यामुळे त्याच्या सर्वांत जवळची संख्या साठवली जाते. याचे नियम आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८५ च्या ७५४ क्रमांकाच्या मानकाने घालून दिलेले आहेत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर या श्रद्धेला नवे दैवत मिळाले. पूर्वीची नक्कल निदान घरगुती होती. चलांची, म्हणजे प्रोग्राममध्ये मूल्ये साठवणाऱ्या जागांची, नावे बदलली की काम झाले असे विद्यार्थ्यांना वाटत असे. प्रोग्रामच्या रचनेची तुलना करणारे 'मॉस' हे साधन १९९४ पासून उपलब्ध आहे आणि नुसती नावे बदलल्याने ते फसत नाही, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसे. आता समोर येतो तो नीटनेटका, भारदस्त टिपणांनी सजवलेला प्रोग्राम. अशाच एकात "विद्यार्थ्याला समजेल अशा सोप्या पद्धतीने लिहिले आहे" असे टिपण होते आणि ते लिहिणाराही विद्यार्थीच असल्याचा त्याचा दावा होता. तोंडी परीक्षेत मी त्याला एकच ओळ समजावून सांगायला लावली. त्याने ती ओळ बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाला, "ही फार चांगली ओळ आहे." या साधनांवर बंदी घालावी असे मला वाटत नाही, मात्र १३ चे क्रमगुणित ज्याला खटकले नाही त्याला या साधनांच्या चुकाही खटकणार नाहीत, म्हणून अलीकडे मी गुणांचा मोठा वाटा तोंडी परीक्षेकडे वळवला आहे.

तोंडी परीक्षेचा एक लाभ असा की तेथे करमणूकही भरपूर होते. प्रोग्राममधील चुकीसाठीचा 'बग' (किडा) हा शब्द अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी शोधला असे उत्तर दरवर्षी मिळते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या जुन्या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा किडा सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरे. परंतु त्याखाली 'प्रत्यक्ष किडा सापडल्याचा पहिला प्रसंग' अशा अर्थाची जी नोंद आहे तिच्यातील विनोद कळण्यासाठी तो शब्द आधीपासून रुळलेला असावा लागतो, आणि एडिसन यांनी तो १८७८ मध्येच वापरलेला आहे. थट्टा कधी माझ्याही अंगाशी येते. प्रोग्रामिंगमध्ये करतात तशी मोजणी शून्यापासून करण्याची सवय लागावी म्हणून मी एकदा प्रश्नपत्रिकेतील प्रश्नांना शून्यापासून क्रमांक दिले होते. कित्येकांनी शून्याव्या प्रश्नाला नमुना समजून तो सोडून दिला, आणि त्यांचे म्हणणे मला नीटसे खोडूनही काढता आले नाही.

आणि वर्गासमोर प्रोग्राम लिहून दाखवताना जे होते ते तर विचारूच नका. मागील सत्रात मी एका फाइलमध्ये दुरुस्त्या करत होते आणि चालवत होते दुसरीच, त्यामुळे काहीही केले तरी उत्तर बदलेना. मी 'पेक्षा लहान'चे 'पेक्षा लहान किंवा समान' करून पाहिले. मग एक मिळवून पाहिला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून अतिशय नम्र आवाज आला, "मॅडम, वर फाइलचे नाव लिहिले आहे, ते एकदा मोठ्याने वाचता का?"