उर्दू भाषा मरत चालली आहे का?

महाराष्ट्रात तरी नाही; ती आटते आहे ती उत्तर प्रदेशात, म्हणजे जिथे ती बहरली तिथेच. आधार जनगणनेचा: २००१ ते २०११ या काळात तिथे उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे १.३३ कोटींवरून १.०८ कोटींवर आले, आपल्याकडे मात्र ६९ लाखांचे ७५ लाख झाले. माझ्या मते मुख्य कारण शाळा. मालेगाव-भिवंडीत पोरं उर्दू माध्यमात शिकतात, मराठी विषय म्हणून घेतात आणि दुकानाची पाटी दोन्ही लिप्यांत वाचतात. उत्तरेत घरात बोलणं तेच राहिलं, पण शाळेत हिंदी आली आणि लिपी सुटली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नाही, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. फक्त एक लक्षात घ्या, जनगणनेत माणूस भाषेचं जे नाव सांगतो तेच नोंदवतात. त्याला ती वाचता येते का, हे कुणी विचारत नाही. गझलेवर जीव टाकणारे कितीतरी जण ती देवनागरीतच वाचतात, ते या आकड्यांत कुठेच नाहीत.