कॉर्टिसॉलचा कटऑफ बदलताना

कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजायचं लॅबमधलं किट बदललं की रिपोर्टवर जुनी नॉर्मल रेंज तशीच छापू नकोस. एसीटीएच स्टिम्युलेशनमध्ये, म्हणजे एसीटीएच टोचून अॅड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवतात का हे पाहण्याच्या चाचणीत, ३० किंवा ६० मिनिटांच्या नमुन्यात कॉर्टिसॉल १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. पण तो आकडा जुन्या पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटिबॉडी वापरणाऱ्या) किटचा. ती किट मिळतीजुळती इतर स्टिरॉइडंही कॉर्टिसॉल म्हणून मोजायची. नव्या मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी वापरणाऱ्या) किटवर किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीवर) कटऑफ, म्हणजे नॉर्मल धरायची किमान पातळी, १४-१५च्या आसपास येतो. नव्या किटवर १६ आलेल्या एका बाईंच्या रिपोर्टवर मी जुन्या रेंजने 'कमी' असा शेरा मारला होता. त्यांना नाहक हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध, सुरू झालं. अजून मनाला लागतं. रिपोर्टवर पद्धतीचं नाव लिहीच. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे सुई टोचण्याआधी विचार. त्या गोळ्यांनी कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो.