जवसाच्या ढेपेत १० टक्के तेल राहतंय, ढेप बाहेर पडते तिथला शंकू, म्हणजे कोन, आवळूनही कमी होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: उमरेड रोडला ऑइल मिल, एका एक्सपेलरवर (स्क्रूने दाणा दाबून तेल काढणारं यंत्र) रोज १० टन जवस गाळता, ढेपेत १० टक्के तेल येतं. कोन आवळला की मोटर ट्रिप होते, ढेप करपते, पण आकडा काही हलत नाही.

भाऊ, आधी तो कोन थोडा सैल करा आणि दोन दिवस त्याला हात लावू नका. ही चूक मी स्वतः करून बसलोय. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो, पहिलाच उन्हाळा, मालकासमोर हुशारी दाखवायची होती. आवळत गेलो. तेल काळ्या चहासारखं निघायला लागलं आणि चौथ्या दिवशी शाफ्ट तुटला. फिटर काही बोलला नाही, फक्त तुटका तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

आता हिशोब. टक्के बाजूला ठेवा, किलोत बघा. १०० किलो जवसात ४० किलो तेल आणि ७ किलो पाणी धरलं तर बाकी ५३ किलो चोथा. हा चोथा कुठं जात नाही, तो ढेपेतच उतरतो. ढेपेत १० टक्के तेल आणि ५ टक्के पाणी असेल तर ५३ किलो म्हणजे ढेपेचा ८५ टक्के भाग. ढेप झाली ६२ किलोच्या वर, आणि तिच्यात तेल ६.२ किलो. तेच ७ टक्क्यांवर आणलंत तर ढेप ६० किलो, तेल ४.२. क्विंटलमागे २ किलो, म्हणजे तुमच्या १० टनांवर रोज २०० किलो तेल. एवढ्यासाठी मेहनत करायला हरकत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तुमच्या टाकीत क्विंटलमागे किती तेल येतं ते तुम्ही लिहिलंच नाही. समजा ३२ किलो येतंय. ४० मधून ढेपेतले ६.२ वजा केले तर ३३.८ यायला हवं होतं. मधले १.८ किलो कुठं गेलं? हे विचारल्याशिवाय एकट्या ढेपेच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ही सवय मला पाम तेलाने लावली. नंतर काही वर्षं मी आंध्रात गोदावरीकडच्या एका पाम मिलमध्ये होतो. तिथं तेल जायच्या पाच वाटा असतात: रिकामा घड, प्रेसमधला चोथा, फळातल्या बिया, घड वाफवताना निघणारं पाणी आणि टाकीखालचा गाळ. पाचही वाटांची रोज तपासणी. प्रेस जास्त आवळला तर चोथ्यातलं तेल कमी होतं खरं, पण बिया फुटतात आणि आतल्या गराचं नुकसान होतं. म्हणून तिथला जुना माणूस प्रेसकडे न जाता आधी वाफेकडे जातो. साधारण ३ किलो दाबाची वाफ तास-सव्वा तास नीट बसली नाही तर फळ घडावरून सुटतच नाही, मग प्रेस काय करणार? एका पावसाळ्यात चोथ्यातलं तेल अचानक कमी दिसलं म्हणून आम्ही खूश झालो होतो. चोथाच जास्त ओला येत होता. कोरड्या वजनावर मोजलं तर तोटा होता तिथंच. तुम्हीही ढेपेचं तेल काढताना तिचं पाणी सोबत काढा, नाहीतर हीच फसगत होईल.

तुमच्या मिलमध्ये वाफेची जागा केटलची, म्हणजे एक्सपेलरआधी दाणा गरम करून ओल जुळवणाऱ्या भांड्याची. आणि आपल्या नागपूरच्या हवेत केटल बारा महिने एकाच सेटिंगवर चालवणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालणं. मे महिन्यात गोदामातला जवस वाळून ठणठणीत होतो, ऑगस्टमध्ये तोच ओल धरतो. फार कोरडा माल गेला तर घर्षण वाढतं, ढेप भुगा होऊन करपते, मोटर अँपिअर खाते. तुमचं लक्षण मला हेच वाटतं. फार ओला गेला तर माल वर्मवर (एक्सपेलरच्या आतल्या स्क्रूवर) घसरतो, ढेप मऊ येते, मोटर हलकी चालते आणि तेल आतच राहतं. जवसाच्या सालीत चिकट द्रव असतो, त्यामुळे पाणी जास्त झालं की तो भुईमुगापेक्षा लवकर बुळबुळतो. कोरड्या दिवसांत केटलमध्ये थोडी उघडी वाफ (थेट मालात सोडलेली) द्या, मग वाळवा. एक्सपेलरच्या तोंडाशी ४-५ टक्के ओल आणि ८५-९० अंशांच्या आसपास माल, इथून सुरुवात करा. मीटर नसेल तर मूठ भरून दाबा (हात सांभाळून): गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोकरला की फुटावा. ढेप पापडासारखी कट्कन मोडावी.

अजून एक, फुकटातली तपासणी. मूठभर ढेप वाटीत पाण्यात टाका आणि पंधरा मिनिटांनी बघा. बुळबुळीत कवच धरलेले अख्खे दाणे दिसले तर तुमचे रोलर दाणा फोडतच नाहीयेत. जवस बारीक, रोलरांमधली फट थोडी वाढली की सरळ निसटून जातो. अख्ख्या दाण्यातलं तेल कोणताही कोन काढू शकत नाही.

ते १.८ किलो बहुतेक टाकीच्या गाळात आणि फिल्टरच्या केकमध्ये (कापडावर जमणाऱ्या थरात) सापडेल. गाळात निम्म्याच्या आसपास तेल असू शकतं. तो आठवडाभर साठवून एकदम केटलमध्ये ओतू नका, एक्सपेलर घसरतो. रोजचा रोज, ताज्या मालात थोडा थोडा मिसळा. फिल्टर प्रेस उघडण्याआधी हवा मारून केक कोरडा करा. गाळ फारच जास्त येत असेल तर केजमधल्या (वर्मभोवतीच्या पिंजऱ्यातल्या) बारांची फट तपासा, आणि वर्म झिजले असतील तर वेल्डिंग करून घ्या. माती-खडे असलेला माल चाळल्याशिवाय घातला तर वर्म काही महिन्यांतच जातात, हे वेगळं सांगायला नको.

७ च्या खाली जायचा हट्ट करू नका. ढेपेत १ टक्क्याच्या आत तेल हवं असेल तर ते सॉल्व्हंटचं (द्रावणात तेल विरघळवून काढायचं) काम, आणि १० टनांवर तो खर्च निघत नाही. शिवाय गोठेवाला थोडं तेल असलेली ढेपच मागतो.

नमुन्याचं एक सांगतो. संध्याकाळी एकदा उचललेली ढेप लॅबला देऊ नका. दर तासाला मूठभर घ्या, शेवटी सगळं मिसळून त्यातलं पाव किलो पाठवा, आणि त्याच दिवशीच्या जवसाचाही नमुना द्या. जवसातलं तेल लॉटनुसार बदलतं. ३८ टक्क्यांच्या मालातून ४० टक्क्यांचा हिशोब लावलात तर बिचाऱ्या ऑपरेटरवर चोरीचा आळ येईल.

आणि फिल्टरचे तेलकट कपडे कोपऱ्यात ढीग करून ठेवत असाल तर आजच उचला. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं, असे ढीग आपोआप पेटतात. आमच्याकडे एका रविवारी मिल बंद असताना असाच धूर निघाला होता. चौकीदार जागा होता म्हणून बारदाना वाचला.