वजन उतरलं, पण रात्री आंबट पाणी घशाशी येतं

प्रश्न : मी ४३ वर्षांची, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका. चार वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा वजन ११२ किलो होतं, उंची १५८ सेंटिमीटर. आता ७८ किलोवर आहे, मधुमेहाच्या गोळ्याही सुटल्या. पण दोन वर्षांपासून छातीत सतत जळजळ होते. मध्यरात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागतो, तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपते. सकाळी वर्गात आवाज फुटत नाही. पँटोप्राझोल ४० ही आम्ल कमी करणारी गोळी रोज रात्री जेवण झाल्यावर घेते. एंडोस्कोपीत ‘ग्रेड सी’ सूज आणि ३ सेंटिमीटरचा हायटस हर्निया निघाला. सर्जन आता जठराचा बायपास करायला सांगतात, दुसरे एक डॉक्टर मिनी बायपास सुचवतात. सासूबाई म्हणतात, ‘आधी तोंडावर ताबा ठेव, परत पोट कापायचं कशाला?’ नुसता हर्निया शिवून भागणार नाही का? विमा कंपनीनेही फोनवर नकार दिलाय. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, हा त्रास तुमच्या खाण्यामुळे सुरू झालेला नाही, हे आधी सासूबाईंना वाचून दाखवा. ३४ किलो वजन उतरवून चार वर्षं खाली ठेवणाऱ्या बाईला तोंडावर ताबा शिकवायची गरज नसते.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. नळीचं खालचं तोंड पूर्वीसारखंच आवळलेलं राहतं. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि त्या दाबाला वरची, म्हणजे अन्ननलिकेची वाट सोपी पडते. अन्ननलिका जठराला मिळते तिथला तिरका कोन आणि तिथल्या स्नायूंचे पट्टे एरवी झडपेचं काम करतात. स्लीव्हमध्ये त्यांनाही धक्का लागू शकतो. तुमच्या बाबतीत भर म्हणजे हर्निया : नळीचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकलाय.

तुम्ही एकट्या नाही. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं स्लीव्ह किंवा बायपासच्या गटात घालून दहा वर्षं पाहिलं. दहा वर्षांनी केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के जणांना आढळली, बायपासवाल्यांत ७ टक्के. स्लीव्ह वाईट शस्त्रक्रिया आहे असं मी म्हणणार नाही; मधुमेह सुटलेल्या कितीतरी बायका मी पाहते. पण शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाला हा धोका बसून, नीट समजावून सांगितला गेला पाहिजे, आणि तो तसा सांगितला जात नाही याचा मला राग येतो.

आता गोळी. पँटोप्राझोल जेवल्यावर घेऊन तिचा बराच उपयोग वाया जातो. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. डॉक्टरांना विचारून सकाळ-संध्याकाळ असे दोन डोस आठ आठवडे नीट घेऊन पाहा. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. उशा रचल्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा आणि डाव्या कुशीवर झोपा. रिकाम्या पोटी चहा बंद. एवढ्याने बराच आराम पडेल. पण ग्रेड सी म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरावरचे व्रण एकमेकांना जोडले गेलेत. त्यात हर्नियाही असताना, गोळ्यांवर वर्षानुवर्षं रेटत राहा असा सल्ला मी देणार नाही. अस्तराचा पोत बदलून बॅरेट नावाची अवस्था येऊ शकते आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. ही शक्यता थोड्यांच्याच बाबतीत असते, घाबरून जाऊ नका. सूज ओसरल्यावर पुन्हा एंडोस्कोपी करून तिथला तुकडा तपासायला द्या, म्हणजे नक्की कळेल.

शस्त्रक्रियेआधी दोन तपासण्यांचा आग्रह धरा. एक बेरियमची, म्हणजे बेरियमचं द्रावण पाजून काढलेला एक्स-रे : नळी मध्ये कुठे आवळलीय का, पिळलीय का, ते त्यात दिसतं. दुसरी मॅनोमेट्री, अन्ननलिकेची ताकद मोजणारी. अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणारी चोवीस तासांची पीएच तपासणी तुमच्यासाठी अडून बसण्याइतकी गरजेची नाही, ग्रेड सी हाच पुरेसा पुरावा आहे. ज्यांची एंडोस्कोपी स्वच्छ असूनही जळजळ होते, त्यांनी मात्र ती केल्याशिवाय टेबलावर जाऊ नये.

नुसता हर्निया शिवला तर दाबाची नळी तशीच राहते, म्हणून बऱ्याच जणांचा त्रास परत येतो. एरवी रिफ्लक्ससाठी, म्हणजे असं आम्ल वर येण्यासाठी, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. तुमच्याकडे तो भाग उरलेलाच नाही. मिनी बायपासमध्ये आतडं एकाच ठिकाणी जोडलेलं असतं, त्यामुळे पित्तरस वर येण्याची वाट राहते. जिचा मूळ आजारच वर येण्याचा आहे, तिच्यासाठी मी तो निवडणार नाही. पूर्ण बायपासमध्ये, ज्याला रू-एन-वाय म्हणतात, वर अगदी लहान पिशवी ठेवून आतडं थेट तिला जोडतात. आम्ल आणि पित्तरस १०० ते १५० सेंटिमीटर खाली जाऊन अन्नाला मिळतात. त्याच वेळी हर्नियाही शिवून घेता येतो. तुमच्या सर्जनचं म्हणणं मला पटतं.

यातून काय मिळेल, याची अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. बहुतेकांची जळजळ आणि घशाशी येणं थांबतं, काहींना थोडी गोळी लागतेच. वजन आणखी काही किलो उतरेल, पण पहिल्या वेळेसारखं नाही. हे ऑपरेशन अन्ननलिकेसाठी आहे. दुसऱ्यांदा पोटात शिरताना चिकटलेले पडदे सोडवावे लागतात, शिवण गळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून अशा फेरशस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा, आणि चार वर्षांपूर्वीची ऑपरेशन नोट मागून घेऊन सोबत न्या.

तुमच्या पत्रात नाही, पण विचारायलाच हवं : मिश्री लावता का? तंबाखूने बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. लावत असाल तर आजच सोडा. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही आता नको, पॅरासिटामॉल चालेल. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागेल. कॅल्शियम सायट्रेटचंच घ्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. शाकाहारी असाल तर बी-१२ अजिबात चुकवू नका.

विम्याचा नकार बहुधा लठ्ठपणाच्या कलमावर असेल. ते कलम बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ मागतं आणि तुमचा आज ३१ आहे. सर्जनकडून जे खरं निदान आहे ते लिहून घ्या : स्लीव्हनंतरचा रिफ्लक्स, ग्रेड सी, हायटस हर्निया. एंडोस्कोपीचा अहवाल जोडून लेखी पूर्वमंजुरी मागा. फोनवरचा नकार धरून बसू नका. नकार द्यायचाच असेल तर कारणासह लेखी द्या म्हणावं.

शाळेतून तीन-चार आठवड्यांची रजा धरा. मे महिन्याची सुट्टी जवळ असेल तर तेवढं थांबायला हरकत नाही, वर्षभर नको. आणि बायपासनंतर कधीही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, पोटात अचानक पिळवटून दुखायला लागलं तर घरी ओवा-सोडा घेत बसू नका. आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. सरळ इस्पितळ गाठा आणि ‘माझा बायपास झालाय’ हे पहिल्यांदा सांगा.